ताफ्याची कुळकथा

घाटात भरलेला ट्रक अडला की मागे गाड्यांची रांग लागते आणि ट्रक निघून गेला तरी ती लवकर मोडत नाही. डेटाबेसच्या आत हेच घडते, हे 1979 साली ब्लासगेन, ग्रे, मितोमा आणि प्राइस या चौघांनी लिहून ठेवले. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ‘सिस्टीम आर’ हा डेटाबेस घडत होता, तिथला हा अनुभव. त्यांनी त्याला नाव दिले ‘कॉन्व्हॉय’, म्हणजे ताफा.

या ताफ्याचे मूळ त्याहून जुने आहे. 1961 साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांनी सीटीएसएस ही यंत्राचा वेळ वाटून देणारी प्रणाली चालवून दाखवली. एकच यंत्र आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ पाळीने द्यायचा. काम लांबले की त्याला खालच्या रांगेत टाकायचे, पण तिथे पाळी आली की वेळ दुप्पट द्यायचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांसाठी ही रीत उत्तम होती. पाळ्या ठरवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या भागाने, म्हणजे शेड्युलरने, पुढच्या पिढ्यांत हाच वारसा चालवला.

डेटाबेसच्या प्रोसेस मात्र एका घरातल्या असतात. घर एक आणि किल्लीही एकच; या किल्लीला म्हणतात लॉक. समजा, लॉगचे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचे, लॉक हातात असतानाच एका प्रोसेसची पाळी संपली. शेड्युलरने तिला बाजूला केले आणि पुढचीला बोलावले. तिला तेच लॉक हवे, म्हणून ती झोपली. तिसरीचे तेच, चौथीचेही तेच. पहिली परतली, तिने लॉक सोडले, ते रांगेत सर्वांत पुढे असलेल्या प्रोसेसच्या हाती गेले. पण क्षणभरात पहिलीला ते पुन्हा लागले आणि आता ती रांगेच्या शेवटी. ताफा जमला. मूळ अडथळा केव्हाच सरला, तरी यंत्राचा वेळ झोपण्या-उठण्यातच जातो.

त्या चौघांनी उपायही सांगितला: लॉक सोडताना ते कुणाच्या हातात देऊ नका. झोपलेल्यांना उठवा, जिला मिळेल तिने घ्यावे. आजच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमधली हलकी लॉक अशीच वागतात. जाग आलेल्या प्रोसेसला लॉक नव्याने मागावे लागते.

1981 साली बर्कलीच्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी, इन्ग्रेस या डेटाबेसच्या अनुभवावरून, हेच गाऱ्हाणे थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारात नेले. त्यांचे म्हणणे मला आजही पटते. लॉक धरलेल्या प्रोसेसला मध्येच बाजूला करू नये, एवढी सोय तरी हवी. पुढे एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने ओरॅकलसारख्या डेटाबेससाठी ‘नोएज’ हे धोरण दिले. त्यात प्रोसेस खूप वेळ चालली म्हणून तिचा मान घटत नाही.

लिनक्सने 2007 साली इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर घेतला. त्यातली एक कळ डेटाबेसवाल्यांच्या तोंडी बसली: मायग्रेशन कॉस्ट. प्रोसेस नुकतीच एका कोअरवर चालली असेल तर तिचा डेटा तिथल्या कॅशमध्ये अजून ताजा आहे, तिला हलवू नये. ‘नुकतीच’ म्हणजे मुळात अर्धा मिलिसेकंद. शेकडो कनेक्शन असलेल्या पोस्टग्रेस सर्व्हरसाठी तो 5 मिलिसेकंद करण्याचा सल्ला रूढ झाला. 2021 मध्ये 5.13 आवृत्तीत ही कळ नेहमीच्या सेटिंगांतून निघून डीबगच्या कप्प्यात गेली. 2023 मध्ये 6.6 पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ हा शेड्युलर आला.

म्हणून जुना आकडा डोळे मिटून उतरवू नका. आधी व्हीएमस्टॅट या आज्ञेचा पहिला रकाना, म्हणजे चालणाऱ्या आणि पाळीची वाट पाहणाऱ्या प्रोसेसची संख्या, बघा. तो सतत कोअरच्या संख्येच्या वर असेल तर यंत्रच अपुरे पडते आहे. तो लहान असून पोस्टग्रेसची सेशन मात्र हलक्या लॉकवर ताटकळत दिसली, तर समोर 1979 चाच ताफा उभा आहे. तेव्हा किल्लीची भांडणे कमी करा: कनेक्शन पूलमध्ये आणा, व्यवहार लहान ठेवा. शेड्युलरच्या कळांची पाळी त्यानंतर.