उलट्या रेघेची गोष्ट

गेल्या वेळी आपण लॅम्डा कॅल्क्युलसपाशी थांबलो होतो. आज एका चिन्हाकडे वळू: बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हॅस्केलमध्ये प्रोग्रॅम लिहिला, मध्ये सी भाषेचा तुकडा घातला. लिनक्सवर सगळं सुरळीत; विंडोजवर कंपायलरने दारातच अडवलं. दोन रात्री बिचारा स्वतःच्या तर्कात चूक शोधत होता. चूक तिथे नव्हतीच.

हे चिन्ह आस्कीत यावं असा प्रस्ताव बॉब बीमर यांनी १९६१ मध्ये मांडला. अल्गॉलमधले 'आणि' व 'किंवा' दोन तिरक्या रेघा जोडून लिहिता यावेत, हा हेतू. तर्कशास्त्राचंच अपत्य म्हणा ना! पुढे सी भाषेने अवतरणातल्या या रेघेला खास अर्थ दिला: पुढे एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब. युनिक्सला त्याची झळ नव्हती, तिथे फोल्डरची नावं सुलट्या रेघेने जोडतात. डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि सुलटी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच गुंतलेली. १९८३ मध्ये फोल्डर आले तेव्हा उलटी रेघ घेतली गेली. विंडोजने तेच चालवलं. १९९० च्या हॅस्केलमध्ये तर हीच रेघ लॅम्डा झाली.

आता घोटाळा पाहा. हॅस्केलमधला सी-तुकडा वेगळ्या फाइलीत काढताना बांधणीचं साधन मूळ फाइलीचा पत्ता अवतरणात लिहून ठेवतं, चूक निघाली तर मूळ जागा दाखवता यावी म्हणून. पत्ता 'सी:\यूझर्स' असा. सी कंपायलर रेघेपुढे यू पाहतो, युनिकोडचे आकडे शोधतो, ते नाहीत म्हणून थांबतो. फोल्डरचं नाव छोट्या टीने सुरू झालं असतं तर तक्रारही नाही, पत्त्यात गुपचूप टॅब शिरला असता. ते जास्त वाईट, असं आमचं मत.

शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाचा उल्लेख करणं वेगळं, हे आम्ही वर्षानुवर्षं क्वाइनच्या आधाराने शिकवलं. मुलं जांभया देत. इथे नेमकं तेच हुकलं. पत्ता अवतरणात गेला, पण सी भाषेच्या अवतरणाचा नियम कुणी पाळला नाही. उपाय साधा: प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहायची, नाहीतर तिला सुलटी करायची, विंडोजला सहसा तीही चालते. विद्यार्थ्याने पहिला उपाय केला, तोही त्या साधनातच.