विद्ध मृगाचा माग

धनुष्याने केलेल्या शिकारीचा मोठा भाग बाण सुटल्यानंतर सुरू होतो. बंदुकीची गोळी आघाताने जनावराला जागीच लोळवू शकते. बाण मात्र मुख्यतः रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे वर्मी बाण लागलेले हरीणही बहुधा काही अंतर धावत जाते आणि दृष्टीआड होते. विद्ध होणे आणि पडणे यांच्यामध्ये असे एक अंतर उरते. ते ओलांडण्यासाठी पारध्याने जी विद्या घडवली तिला आपण 'माग काढणे' म्हणतो. पानावरचे रक्त उजळ आणि फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात गेला आहे, काळपट असेल तर यकृतात, आणि त्यात हिरवट घाण मिसळली असेल तर पोटात, हे जाणकाराला थेंबावरून कळते. किती थांबायचे हेही त्यावरूनच ठरते. कारण लगेच मागे धावले तर आडोशाला बसलेले जखमी जनावर पुन्हा उठते आणि दूर निघून जाते. थांबणे, वाकून पाहणे आणि दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधणे, हा या विद्येचा गाभा.

भारतीय वाङ्मयात मृगयेची वर्णने विपुल आहेत आणि त्यांवर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. मात्र बाण लागल्यानंतरच्या या अंतराकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांला वाटते. या अंतरात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे: बाण मारणाऱ्याला जखमी मृगावर हक्क मिळतो, की त्याच्यावर त्या मृगाची जबाबदारी येते? आपल्या धर्मशास्त्राने आणि आपल्या कथांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

आधी शब्दांकडे पाहू. संस्कृतात 'मृग्' म्हणजे शोधणे. 'मार्ग' या शब्दाचे नाते 'मृग'शी लावले जाते. मार्ग म्हणजे मूळचा जनावराचा माग. 'मार्गण' या शब्दाचे तर शोध आणि बाण असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतला 'माग' याच कुळातला, आणि 'मागणे' हे क्रियापदही त्याच कुळातले. शोधण्यापासून याचनेपर्यंतचा हा अर्थप्रवास पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने न्यायनिवाडा कसा करावा हे सांगताना एक दृष्टान्त येतो (8.44). पारधी जसा सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून मृगाच्या ठिकाणापर्यंत पोहोचतो, तसे राजाने अनुमानाने धर्माच्या ठिकाणापर्यंत पोहोचावे, असा त्याचा आशय आहे. दृष्टान्त नेमका आहे. न्यायासनापुढे येणारी घटना घडून गेलेली असते, तिचे फक्त अवशेष हाती असतात, आणि ते अवशेष वाचावे लागतात. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी 1979 मधील आपल्या गाजलेल्या निबंधात खुणांवरून निष्कर्ष काढण्याच्या ज्ञानपद्धतीचे मूळ शिकाऱ्याच्या विद्येत शोधले, आणि कथा सांगण्याची कल्पनाही कदाचित तिथेच जन्मली असावी असे सुचवले. मनुस्मृतीतला हा श्लोक त्याच विचाराच्या दिशेने फार पूर्वी गेलेला दिसतो.

पण याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात (4.212) कोणाचे अन्न खाऊ नये याची जी यादी आहे, तिच्यात 'मृगयु' आहे. आठव्या अध्यायातल्या दृष्टान्तातला शब्दही 'मृगयु' हाच आहे. दहाव्या अध्यायात (10.48) रानातल्या पशूंची हत्या हा मेद, आन्ध्र, चुञ्चु, मद्गु या संकर मानलेल्या जातींचा व्यवसाय म्हणून नेमून दिला आहे, आणि त्यापुढे अशा जातींची वस्ती झाडांखाली, स्मशानांत, डोंगरांत आणि उपवनांत असावी असे म्हटले आहे. म्हणजे पारध्याची विद्या राजाच्या न्यायसभेत सन्मानाने बसते आणि पारधी मात्र गावाबाहेर राहतो. ज्ञान घ्यायचे आणि ज्ञानी माणूस नाकारायचा, या आपल्याकडच्या जुन्या व्यवहाराचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

जखमी मृग मनुस्मृतीत आणखी एकदा भेटतो. नवव्या अध्यायात (9.44) म्हटले आहे की शेत ते, ज्याने झाडे तोडून जमीन मोकळी केली त्याचे, आणि मृग तो, ज्याचे शल्य त्याच्या अंगात आहे त्याचा. त्याआधीच्या श्लोकात, दुसऱ्याने विद्ध केलेल्या जनावराला पुन्हा त्याच जखमेत मारलेला बाण वाया जातो, असे म्हटले आहे. शिकारीचा हा नियम म्हणून पाहिला तर तो व्यवहार्य आहे. दोघांचे बाण लागले तर पहिल्याचा हक्क मोठा, असा संकेत अनेक समाजांत आढळतो. रोमन कायद्यातही हा वाद झाला होता. सिसेरोचा समकालीन ट्रेबाटियस याचे मत असे की जखमी जनावर जखम करणाऱ्याचे खरे, पण तो पाठलाग करीत असेल तोवरच. पाठलाग सोडला की हक्क गेला. पुढे गायसने आणि इ. स. 533 मध्ये जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स'ने हे मत बाजूला सारले आणि जनावर प्रत्यक्ष हाती आल्याखेरीज मालकी नाही असे ठरवले. ट्रेबाटियसच्या मतात एक गोष्ट लक्षणीय आहे. तिथे हक्क बाणाने सुरू होतो, पण टिकतो तो पाठलागाने.

मनुस्मृतीत पाठलागाची ही अट नाही. शल्य पुरेसे आहे. आणि हा नियम तिथे शिकारीसाठी आलेलाच नाही. ते प्रकरण 'बीज आणि क्षेत्र' यांचे आहे. परपुरुषापासून झालेले अपत्य कोणाचे, या प्रश्नाचा निकाल लावताना शेताचा आणि मृगाचा दाखला दिला आहे, आणि पुढे विक्रीने किंवा त्यागानेही पत्नी पतीपासून मुक्त होत नाही असे सांगितले आहे. म्हणजे या दृष्टान्तातला विद्ध मृग ही स्त्री आहे. तिच्या अंगात ज्याचे शल्य प्रथम रुतले, तिची मालकी त्याची. हा श्लोक वर्गात निव्वळ उपमा म्हणून शिकवता येत नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा माणसाला मालमत्ता आणि अस्पृश्य ठरवणारी ही सगळी तर्कव्यवस्थाच अग्नीत टाकली गेली होती. मृगाचा माग काढणारी बुद्धी आणि मृगावर मालकी सांगणारी वृत्ती एकाच ग्रंथात शेजारी नांदू शकतात, हे वाचकाने विसरू नये.

धर्मशास्त्राकडून कथेकडे वळले की प्रश्न बदलतो. महाभारताच्या आदिपर्वात परीक्षित राजाची कथा येते. तो पणजोबा पांडूसारखाच मृगयेचा शौकीन. त्याने एका मृगाला बाणाने विद्ध केले आणि मृग रानात निसटला. आकाशात यज्ञमृगाला विद्ध करून रुद्र जसा धनुष्य हाती घेऊन त्याला इकडेतिकडे धुंडाळीत गेला, तसा परीक्षित गेला, असे व्यास म्हणतात. ही उपमा मराठी वाचकाला परकी नाही. मृग नक्षत्राच्या मधोमध तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे तेजस्वी व्याध हे चित्र आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. त्याची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे, आणि लोकमान्य टिळकांनी 1893 च्या 'ओरायन' या ग्रंथात वेदकाळाचा निर्णय करताना याच तारकासमूहाचा आधार घेतला. तो व्याध अजूनही त्या मृगापाशी पोहोचलेला नाही.

परीक्षितानेही आपला मृग गाठला नाही. त्याने विद्ध केलेला मृग याआधी कधीच जिवंत निसटला नव्हता, त्यामुळे हे त्याच्या मृत्यूचेच पूर्वचिन्ह होते, असे कथा सांगते. आम्हांला त्याच्या वागण्याचा क्रम अधिक बोलका वाटतो. तो थांबत नाही, धावत सुटतो, आणि मृग त्याला दूर दूर ओढून नेतो. रक्ताचे थेंब वाचल्याचा उल्लेख कुठेच नाही. थकून, तहानेने व्याकुळ होऊन तो गोठ्यात बसलेल्या शमीक मुनींपाशी येतो. वासरे दूध पिताना त्यांच्या तोंडातून गळणाऱ्या फेसावर जगणारे ते मुनी. राजा आपले नाव आणि कुळ सांगतो आणि विचारतो: मी विद्ध केलेला मृग हरवला आहे, तुम्ही तो पाहिला का? मुनींचे मौनव्रत असते. ते बोलत नाहीत. राजा रागावतो, धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या खांद्यावर टाकतो. मग त्याचा राग ओसरतो आणि तो खिन्न होऊन नगरीला परततो. पुढचा शृंगीचा शाप, सात दिवस आणि तक्षक सर्वांना ठाऊक आहे.

मनुस्मृतीतला राजा खुणा वाचून धर्मापर्यंत जातो. परीक्षित खुणा सोडून देतो आणि साक्षीदाराला जाब विचारतो. साक्षीदार गप्प राहिला की त्याच्यावर हिंसा करतो. मूक साक्षीदाराला अपराधी मानणारी सत्ता पुढेही अनेकदा दिसली आहे. इथे ती प्रथमच दिसते असे नाही, पण इतक्या स्वच्छपणे दिसते की ही कथा न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी.

आता हीच कथा भागवताच्या पहिल्या स्कंधात (अध्याय 18) पाहा. कीर्तन-प्रवचनांतून मराठी मनाला अधिक परिचित असलेले रूप बहुधा हेच. तिथेही राजा मृगयेला जातो, मृगांच्या मागे फिरून दमतो, आश्रमात येतो. पण तो मृगाविषयी विचारत नाही. तो पाणी मागतो. मुनी समाधीत आहेत, आसन नाही, अर्घ्य नाही, म्हणून अपमान झाला असे मानून तो साप टाकतो. महाभारतातला तो एकच, विशिष्ट, राजाच्याच बाणाने घायाळ झालेला मृग इथे उरलेलाच नाही. 'मृगांच्या मागे' या मोघम अनेकवचनात तो विरून गेला आहे. मृगाची एकच खूण उरते, ती म्हणजे मुनींनी पांघरलेले रुरुमृगाचे कातडे.

हा बदल किरकोळ नाही. भागवताला परीक्षिताची भक्ती हवी आहे, शुकमुनींपुढे बसून ऐकणारा श्रोता हवा आहे. त्यासाठी त्याचा अपराध तहान-भुकेने व्याकुळ झालेल्या माणसाची क्षणिक चूक ठरणे सोयीचे आहे. पण त्यामुळे अपराधाची सुरुवातच पुसली गेली. मूळ कथेत साप टाकण्याआधी एक अपुरे राहिलेले कर्म आहे, रानात कुठेतरी तडफडणारा एक जीव आहे. भागवतात माग काढणाऱ्याचा मागणारा झाला. मृग एकदा रानात हरवला आणि दुसऱ्यांदा पाठभेदात.

याउलट ज्या कथांत बाण मारणारा विद्ध जीवापर्यंत पोहोचतो, तिथे काय घडते? पांडू मृगाला बाण मारतो आणि तो मृग माणसाच्या वाणीने बोलतो. तो किंदम मुनी असतो. दशरथ हत्ती समजून आवाजाच्या रोखाने बाण सोडतो, नदीकाठी जातो आणि त्याला सापडतो तो मराठी घराघरांत श्रावणबाळ म्हणून ओळखला जाणारा मुनिकुमार. मौसलपर्वातला जरा नावाचा व्याध पहुडलेल्या कृष्णाला मृग समजून बाण मारतो, आपली शिकार उचलायला त्वरेने पुढे होतो आणि कृष्णाला पाहून त्याचे पाय धरतो. हीच घटना भागवताच्या अकराव्या स्कंधात, आणि म्हणून एकनाथी भागवताच्या द्वारे मराठीतही आली. या तिघांनाही आपला बाण कोणाला लागला हे पाहावे लागले. दोघांना शाप मिळाला. जराला मात्र कृष्णाने धीर दिला. परीक्षिताने आपला मृग पाहिलाच नाही, आणि म्हणून तो मृग कोण होता हे आपल्यालाही कधी कळत नाही.

या परंपरेत बाण न सोडणाऱ्यांचीही एक ओळ आहे. गाथासप्तशतीत, म्हणजे स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये मराठीत साक्षेपाने आणलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या संग्रहात, एकमेकांना वाचवण्यासाठी पुढे होणारे हरीण आणि हरिणी पाहून व्याधाच्या हातून धनुष्य गळते. शाकुंतलात वैखानसाच्या शब्दावर दुष्यंत बाण परत घेतो. चौथ्या अंकात शकुंतलेचा पदर ओढणारे पाडस येते. कुशाच्या टोकाने त्याचे तोंड विद्ध झाले होते आणि तिने इंगुदीचे तेल लावून ती जखम बरी केली होती. कालिदासाने तिथे वापरलेला शब्द 'विद्ध' हाच आहे. जखमी मृगाचे काय करायचे, याचे आणखी एक उत्तर त्या पाडसाच्या रूपाने रंगमंचावर उभे राहते.

आज, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, हरणाची शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येनुसार जखमी करणेही शिकारच आहे. शल्य रुतवल्याने हक्क मिळत नाही, अपराध सिद्ध होतो. मनुस्मृतीतल्या नियमाची ही नेमकी उलट बाजू. पण मराठी भाषेने ती आधीच ओळखली होती. संस्कृतात 'शल्य' म्हणजे बाणाचे टोक. धर्मशास्त्राने ते ज्याने मारले त्याच्या नावावर लिहिले. मराठीत आपण शल्य म्हणतो ते मनात सलत राहणाऱ्या दुःखाला, आणि ते नेहमी ज्याला लागले त्याचे असते.