‘पेटी’ : शब्द आणि सुतारकाम

मराठीने हार्मोनियमला ‘पेटी’ म्हटले; नाव पडले ते लाकडी खोक्यावरून. गिटारच्या ध्वनिवर्धकाचे लाकडी घर हेही या अर्थाने पेटीच होय. १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी मांडलेल्या ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे व मागे अशा दोन्ही बाजूंना हवा हलवितो. तो उघडाच ठेवल्यास मागची लहर पुढचीस छेदते व खर्ज क्षीण होतो. फळ्या या लहरींना अलग ठेवतात. पाठ किती उघडी ठेवावी, यावर नादाचा पोत अवलंबून राहतो. बिलोलीसारख्या सीमावर्ती गावी अशी पेटी घरी जोडली जाते, तेव्हा रंधा चालविणारा हातही वाद्यकाराचाच ठरतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. वाद्यनिर्मितीच्या इतिहासात पेटी जोडणाऱ्या सुतारासही त्याच न्यायाने स्थान मिळावयास हवे.