पाचवा तारा

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, लष्कराचे माणेकशा फील्ड मार्शल झाले, हवाई दलाचे अर्जन सिंग मार्शल झाले. मग नौदलाचं कोण?" कोणीच नाही, हे उत्तर एका ओळीत देता येतं. पण त्या "कोणीच नाही"च्या मागे बराच इतिहास आहे. म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी हुद्द्यांची उतरंड सांगतो. कमोडोरच्या वर रिअर ॲडमिरल (दोन तारे), त्याच्या वर व्हाइस ॲडमिरल (तीन) आणि मग ॲडमिरल (चार). ही नावं शिडांच्या जहाजांच्या काळातली. ताफा एका ओळीत निघाला की मधल्या तुकडीत ॲडमिरल, आघाडीला व्हाइस ॲडमिरल आणि पिछाडीला, म्हणजे 'रिअर'ला, रिअर ॲडमिरल. गंमत म्हणजे १८०५ साली ट्रफाल्गार जिंकणारा नेल्सन मरताना व्हाइस ॲडमिरलच होता, पूर्ण ॲडमिरल तो कधी झालाच नाही. आणि 'ॲडमिरल' हा शब्द तरी कुठे इंग्रजांचा? त्याचं मूळ अरबी 'अमीर'मध्ये. आपल्या कान्होजी आंग्र्यांचा 'सरखेल' हा किताबही फारसीतून आलेला, मुळात तुकडीचा म्होरक्या असा. किताब जमिनीवरचा, गाजला मात्र समुद्रावर. असो.

चार ताऱ्यांच्या वर पाचवा तारा, 'ॲडमिरल ऑफ द फ्लीट'. आपल्याकडे हा हुद्दा आहे तो कागदावर. आजवर एकालाही मिळालेला नाही. मला विचाराल तर त्याचं कारण ह्या शिडीच्या वरच्या टोकाशी नाही, खालच्या पायऱ्यांपाशी आहे. आपलं नौदल प्रत्येक पायरीवर उशिरा पोचलं.

स्वातंत्र्यानंतर लष्कराला पहिले भारतीय प्रमुख मिळाले जानेवारी १९४९ मध्ये, करिअप्पा. हवाई दलाला १९५४ साली सुब्रोतो मुखर्जी. नौदलाला मात्र २२ एप्रिल १९५८ पर्यंत थांबावं लागलं. तोवर हॉल, पॅरी, पिझी, कार्लिल असे एकामागून एक चार इंग्रज. देश स्वतंत्र होऊन जवळजवळ अकरा वर्षं झाली तरी नौदलाचा प्रमुख ब्रिटिश! ह्याला कारणही होतं. मोठा ताफा चालवण्याचा अनुभव लागतो, आणि तो इंग्रजांनी भारतीय अधिकाऱ्यांना मिळू दिला नव्हता. क्रूझरचा कप्तान घडवायला जी वर्षं लागतात ती कायद्याने कमी करता येत नाहीत. शेवटी रामदास कटारी प्रमुख झाले, पण तीन ताऱ्यांचे, व्हाइस ॲडमिरल.

त्यांच्या नंतर, जून १९६२ मध्ये आले भास्कर सदाशिव सोमण. (नाव वाचून आपली कॉलर थोडी ताठ होतेच!) हेही व्हाइस ॲडमिरल. आता १९६५ च्या युद्धातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. तीन दलांचे तीन प्रमुख. लष्कराचे जनरल चौधरी चार ताऱ्यांचे. हवाई दलाचे अर्जन सिंग तेव्हा एअर मार्शल, तीन तारे. सोमण, तीन तारे. नौदलाला सरकारचा लेखी आदेश होता की पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही. विक्रांत दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत. आणि ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. सोमणांनी ह्या आदेशाला विरोध केला, पार पंतप्रधानांपर्यंत गेले, पण बंधन उठलं नाही. एका आरमाराच्या प्रमुखाने शत्रूचा गोळीबार ऐकायचा आणि नकाशावरच्या एका आडव्या रेघेखाली थांबायचं, ह्याहून वाईट काय असेल?

चौथा तारा असता तर आदेश बदलला असता का? मला तसं वाटत नाही. निर्णय राजकीय होता, युद्ध पसरू द्यायचं नव्हतं. पण एखाद्या दलाच्या प्रमुखाला आपण कुठल्या पायरीवर उभं करतो ह्यावरून त्या दलाकडे आपण कसं बघतो ते कळतं. १९६५ साली आपण नौदलाकडे किनाऱ्याचा पहारेकरी म्हणून बघत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, अर्जन सिंग एअर चीफ मार्शल झाले. नौदलाचा चौथा तारा मार्च १९६८ मध्ये आला, आधारकुमार चटर्जी ह्यांच्या खांद्यावर. पहिले भारतीय ॲडमिरल ते. म्हणजे १९७१ चं युद्ध लढलं तेव्हा हा तारा जेमतेम पावणेचार वर्षांचा होता!

१९७१ साली प्रमुख होते ॲडमिरल नंदा. त्यांचं बालपण कराची बंदरातल्या मनोऱ्याचं, म्हणजे ते बंदर त्यांना अंगणासारखं ठाऊक. ह्या वेळी त्यांनी सोमणांच्या वाट्याला आलेलं येऊ दिलं नाही. कराचीवर हल्ला केला तर सरकारची राजकीय हरकत आहे का, हे त्यांनी इंदिराजींना युद्धाआधीच विचारून ठेवलं. हरकत नव्हती. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर ह्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. म्हणून आपला नौदल दिन ४ डिसेंबरचा.

युद्धानंतर जानेवारी १९७३ मध्ये माणेकशा फील्ड मार्शल झाले. करिअप्पांना तो मान १९८६ मध्ये मिळाला, निवृत्तीनंतर तीसेक वर्षांनी. अर्जन सिंगांना २००२ मध्ये. नौदलाची पाटी कोरीच. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातल्या चौघांना, लेही, किंग, निमित्झ आणि हॅल्सी, पाच तारे दिले. पण ते युद्धच अर्धं समुद्रावर झालेलं. आपली युद्धं लोकांच्या आठवणीत जमिनीवरची आहेत. लोंगेवाला कुठे ते शाळकरी मुलगा सांगेल, निर्घात म्हणजे काय ते विचारा बरं!

माझं मत विचाराल तर नंदांना तो मान द्यायला हवा होता. तेव्हा नाही तर करिअप्पांसारखा नंतर. आता ते हयात नाहीत, २००९ साली गेले. आणि आता उगाच कोणाला तरी द्यावा असंही मला वाटत नाही.

कारण चार ताऱ्यांनीही आपलं वजन दाखवलंय, तेही युद्धाशिवाय. १९९८ च्या डिसेंबरात सरकारने ॲडमिरल विष्णू भागवतांना बडतर्फ केलं, त्यावर रकाने भरभरून छापून आलं. पण मला जास्त आठवतात ते ॲडमिरल डी. के. जोशी. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन अठरा जण गेले. मग २६ फेब्रुवारी २०१४ रोजी सिंधुरत्नमध्ये आग लागून दोन अधिकारी गेले. जोशींनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती.

डिसेंबर २०२३ पासून ॲडमिरलांच्या खांद्यावरचं चिन्हही बदललंय. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. घोषणा मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाली. मला आवडलं. तारे मात्र तेवढेच, वरची जागा अजून रिकामी.

पाच ताऱ्यांचा माणूस कधी निवृत्त होत नाही, मरेपर्यंत सेवेतच मानला जातो. चार ताऱ्यांचा होतो. ॲडमिरल रामदास १९९३ मध्ये निवृत्त झाले. हे पहिल्या भारतीय नौदलप्रमुखांचे, कटारींचे जावई, १९७१ च्या युद्धात आयएनएस बियासचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. त्यांनी अलिबागजवळ भाईमळ्याला शेती केली, पाकिस्तानशी मैत्री व्हावी म्हणून झटले, २००४ साली त्यासाठी मॅगसेसे मिळालं, आणि मार्च २०२४ मध्ये ते गेले. सरखेल कान्होजींची समाधीही त्याच अलिबागेत आहे.