चुंबकीय टेकडी

लेहपासून सुमारे 30 किमी.वर, कारगिलच्या रस्त्यावर, न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी चढ चढताना दिसते. प्रत्यक्षात तो उतारच आहे. भोवतीचे डोंगर खरे क्षितिज झाकतात आणि त्यांच्या तिरक्या कडांवरून डोळा ‘सपाट’ काय ते ठरवतो. टेकडीतले चुंबक गाडी ओढते, हा दावा टिकत नाही. अशा जागी सांडलेले पाणी आणि रबरी चेंडूही त्याच दिशेने जातात. गुरुत्वच तिथे तिरके असेल, ही शंका जास्त चलाख. पण ‘खाली’ म्हणजे गुरुत्व ओढते ती दिशा. ती फिरली तर उतारही फिरतो आणि गाडी उतरतच राहते. नाणेघाटातला पावसाळी उलटा धबधबा मात्र अशा दृष्टिभ्रमांत बसत नाही. तिथे कड्यावर आदळून उसळणारा वारा पाणी खरोखरच वर उडवतो.