पाण्यातील अदृश्य क्षारांचा माग : आयन क्रोमॅटोग्राफी

कन्नड तालुक्यातील विहिरींचे पाणी बसाल्ट खडकाच्या भेगांत आणि त्यावरील मुरमाच्या थरात साठते. कापूस, मका, आले या पिकांना दिलेली नत्रयुक्त खते, उकिरडे व शोषखड्डे यांतील नायट्रेट पावसाबरोबर याच थरात झिरपू शकते. पाण्यात त्याला रंग वा वास नसतो. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात दूध कालवून दिल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून त्वचा निळसर पडू शकते. त्यामुळे 'आयएस १०५००' या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसला तरी तीत सवलत नाही. फ्लोराइडसाठी इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम, तर पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. हे दोन्ही घटक एकाच चाचणीत मोजणारे तंत्र म्हणजे आयन क्रोमॅटोग्राफी.

तंत्राचा उगम

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण म्हणजे आयन. ते वेगळे करून मोजण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीचे हॅमिश स्मॉल, टिमथी स्टीव्हन्स व विल्यम बॉमन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली.

यंत्राची रचना

सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेटचे सौम्य द्रावण उच्च दाबाच्या पंपाने सतत वाहते ठेवले जाते. गाळून घेतलेल्या नमुन्याचे जेमतेम काही थेंब त्यात सोडले जातात. पुढे रेझीनच्या सूक्ष्म कणांनी भरलेली नळी, म्हणजे 'कॉलम', असते. रेझीनवरील धनभार ऋणभारित आयनांना धरून ठेवतो. ज्याची पकड सैल तो आधी बाहेर पडतो : प्रथम फ्लोराइड, मग क्लोराइड, नायट्रेट आणि शेवटी सल्फेट. त्यानंतरचा 'सप्रेसर' वाहत्या द्रावणाची विद्युतवाहकता कमी करतो. त्यामुळे क्षारांचा क्षीण संकेतही वाहकतामापकाला स्पष्ट टिपता येतो. संगणकावर प्रत्येक आयनाचे शिखर उमटते. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी त्याच्या क्षेत्रफळाची तुलना करून प्रमाण काढले जाते.

नमुना घेताना

यंत्र कितीही अचूक असले तरी निष्कर्ष नमुन्यावर अवलंबून असतो. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळावी, तिच्यावर स्रोत व दिनांक लिहावा आणि ती थंड ठेवून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. पावसाळ्यानंतर नायट्रेटचे प्रमाण बदलू शकते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी हितावह ठरते.