रिसीव्हर म्हातारा का होतो? वॅटची लढाई आणि काळ्या पडद्याचे कुलूप

घरातल्या होम थिएटरचा दहा-बारा वर्षांचा रिसीव्हर एके दिवशी 'निकामी' ठरतो. सीडी लावली तर आवाज पूर्वीइतकाच खणखणीत असतो. पण नव्या फोर-के पेटीचे चित्र त्यातून पलीकडे जात नाही. ते फुल एचडीवर घसरते किंवा पडदाच काळा राहतो. दुकानदार म्हणतो, बदला. हातात पैसे मोजके असतील, तर आधी एवढे समजून घ्यावे की या एका पेटीत दोन यंत्रे नांदतात आणि दोघांचे आयुर्मान सारखे नाही. आजचा धागा त्या दोन इतिहासांचा.

'रिसीव्हर' हे नावच रेडिओचे. रेडिओलहरी पकडणारा ट्यूनर आणि आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर पूर्वी वेगवेगळे घ्यावे लागत. १९५४ साली अमेरिकेत हरमन-कार्डनने 'फेस्टिव्हल डी-१०००' बाजारात आणला. दोन्ही कामे एका पेटीत करणारा तो पहिला हाय-फाय रिसीव्हर मानला जातो. १९६१ साली तिथे एफएमच्या स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आणि या पेट्यांना घरोघरी मागणी आली.

मागणीमागोमाग थापाही आल्या. क्षणभर निघणारा उच्चांक 'वॅट' म्हणून छापायचा, विकृती किती हे सांगायचे नाही, एकाच चॅनेलवर मोजून आकडा दुप्पट करायचा, अशी स्पर्धा लागली. अखेर १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: शक्ती सांगायची तर सलग मिळणारी सांगा, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजा, किती ओहमच्या स्पीकरवर, कोणत्या कंप्रतापट्ट्यात आणि किती विकृतीसह, तेही सांगा. मोजणीपूर्वी यंत्र तासभर एक-तृतीयांश शक्तीवर चालवण्याची अट तर फारच बोचरी होती. अॅम्प्लिफायर सर्वाधिक तापतो तो पूर्ण आवाजात नव्हे, याच मधल्या टप्प्यात. आकडा टिकवायचा तर उष्णता बाहेर फेकणारे धातूचे पंखे मोठे करणे भाग पडले.

पुढची वॅटची लढाई खऱ्या वजनाने लढली गेली. पायोनियरचा १९७६चा एसएक्स-१२५० दर चॅनेलला १६० वॅट देई, तर १९७८चा एसएक्स-१९८० तब्बल २७० वॅट. हा दुसरा पस्तीस किलोंच्या आसपास भरे. उचलायला दोन माणसे लागत. माझ्या मते घरगुती अॅम्प्लिफायरचा प्रश्न तिथेच बराचसा सुटला होता. त्यानंतर त्यात सुधारणा झाल्या, क्रांती नव्हे.

तो नियम अमेरिकेपुरताच होता. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर चिकटवलेले 'पीएमपीओ'चे हजार-हजार वॅट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगायला नको. अमेरिकेतही पुढे पळवाट सापडलीच. १९७४चा नियम स्टिरिओ डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता. पाच-सात चॅनेलच्या काळात 'एक चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती' अशा सोयीच्या अटींवरचे आकडे खोक्यावर झळकू लागले. २०२४ साली कमिशनने नियम पुन्हा घट्ट केला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती १ टक्क्याहून कमी.

आता दुसरे यंत्र. डॉल्बी सराउंड १९८२ साली घरात आले, डॉल्बी प्रो-लॉजिक १९८७ साली. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली आणि चित्रपटगृहातला डिजिटल आवाज घरच्या तबकडीवर उतरला. पण डीव्हीडीचे कुलूप १९९९ सालीच फुटले आणि स्टुडिओंनी त्याची धास्ती घेतली. डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर झाली. त्या तारेतून चित्र व आवाज एकत्र जात आणि सोबत इंटेलने घडवलेले एचडीसीपी हे कुलूपही. साखळीतल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली असावी लागते. रिसीव्हर मधोमध बसलेला. त्याच्याकडे किल्ली नसेल तर चित्र तिथेच अडते.

२०१० साली या कुलपाची मूळ किल्लीच फुटली. पुढे फोर-के आल्यावर २०१३च्या सुमारास अधिक कडक २.२ आवृत्ती लागू होऊ लागली. ती बहुतेक जुन्या यंत्रांत सॉफ्टवेअरने बसवता येत नव्हती, चिपच नवी लागत होती. अशा रीतीने धडधाकट अॅम्प्लिफायर असलेले असंख्य रिसीव्हर एका नक्कलविरोधी करारापायी अडगळीत गेले. मला हा तंत्रज्ञानाचा कमी आणि अविश्वासाचा इतिहास अधिक वाटतो.

म्हणून बदलण्याआधी पाहावे, दोहोंपैकी कोण थकले आहे. फक्त चित्र अडत असेल, तर सगळ्या पेट्या थेट टीव्हीला जोडाव्यात आणि टीव्हीतून ऑप्टिकल तार रिसीव्हरला द्यावी. ५.१ डॉल्बी डिजिटल त्या तारेतून सुखाने येते. डॉल्बी अॅटमॉस येणार नाही. पण छतात स्पीकर नसतील तर त्याची हळहळ फार करू नये. खर्च एका तारेचा.

आवाजच खरखरत असेल, एखादा चॅनेल मुका झाला असेल, तर मात्र नवा किंवा वापरलेला रिसीव्हर शोधणे आले. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा सोडून तपशीलपत्रातली '८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू' ही ओळ वाचावी. ५० वॅट आणि १०० वॅट यांत फरक अवघा ३ डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवणारा. त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. वापरलेला घेताना एचडीसीपी २.२ आहे ना, हे विचारावे. टीव्हीतला आवाज परत आणणारी एआरसी सोय २००९ची, तिची सुधारित ईएआरसी २०१७ची. दुसरी मिळाली तर उत्तम, पहिलीवरही भागते. एट-केच्या नावाखाली जादा रक्कम देण्याआधी आपल्या घरी एट-के काय येते, ते मोजावे.

आणि अमेरिकेतला नातेवाईक 'तिकडे स्वस्त मिळतो' म्हणून घेऊन येणार असेल, तर मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली यंत्रे १२० व्होल्टची, आपली वीज २३० व्होल्टची. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो आणि स्वस्ताईचा बराच भाग तिथेच जातो.